खारपाणपट्ट्यात गाडी गरम होते आहे, थर्मोस्टॅट काढून टाकू का?

पूर्णाकाठचा_कास्तकार

नमस्कार मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात. मागच्या दिवाळीला एक जुनी गाडी घेतली. २०१३ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख ३० हजार किलोमीटर चाललेली. हिवाळाभर काही त्रास नाही. दर्यापूर, मूर्तिजापूर, अमरावती सगळीकडे नेली.

एप्रिल लागला आणि काटा चढायला लागला. एकटाच असलो, एसी बंद असला तर काटा मधोमध राहतो. पण घरचे पाच जण बसले, एसी लावला आणि रोडवर ट्रॅक्टर-ट्रकच्या मागे हळूहळू चालावं लागलं की काटा पाऊण भागाच्या वर जातो. एसी बंद केला की पुन्हा उतरतो. परवा शेगावहून दर्शन करून येताना तर लाल रेघेला टेकायला आला. आई सोबत होती, पोरं होती. एका निंबाखाली गाडी लावली आणि थंड होईपर्यंत बसून राहिलो.

घरी येऊन बोनेट उघडलं तर कूलंटच्या डब्यात तांबूस गढूळ पाणी. आधीच्या मालकानं साधं बोअरचं पाणी टाकलेलं दिसतं. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, यावरून काय ते समजा.

गावातला मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाक, पाणी सारखं फिरत राहील, गाडी गरम होणारच नाही. काढू का? आणि रेडिएटरमध्ये पाणी कोणतं टाकायचं? गावात आरओची कॅन मिळते, ती चालते का? मे महिन्यात लग्नासाठी वाशीमला जायचं आहे, सगळं घर घेऊन. त्याआधी हे मार्गी लावायचं आहे.

चारचाकी_वऱ्हाड

बिनधास्त काढा. आमच्या जुन्या जीपचा थर्मोस्टॅट वडिलांनी काढला होता, किती तरी वर्षं चालली, उन्हाळ्यात कधी गरम झाली नाही. तो भाग थंडीच्या मुलखासाठी आहे. आपल्याकडे ४५ अंशांत त्याचं काय काम?

मिस्त्री_मुर्तिजापूररोड

कास्तकार भाऊ, थर्मोस्टॅट काढू नका. वरच्या दादांच्या वडिलांचं जीपमध्ये निभलं असेल, मी खोटं म्हणत नाई. पण ते इंजिन वेगळं होतं. तुमच्या गाडीत किती डिझेल सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवते, अन् तो पाण्याचं तापमान पाहून ठरवते.

थर्मोस्टॅटच्या आत मेण राह्यते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की मेण फुगते, व्हॉल्व्ह उघडते अन् पाणी रेडिएटरकडे जाते. तोवर ते इंजिनातच फिरते, म्हणजे इंजिन लवकर तापते. इंजिन तापलंच पायजे. थंड इंजिनात डिझेल पुरतं जळत नाई, न जळालेलं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरते अन् तेल पातळ होते. कॉम्प्युटरले वाटते गाडी अजून आताच सुरू झाली, तो जास्तीचं डिझेल देत राह्यते. ॲव्हरेज जाते, इंजिन झिजते, अन् मालकाले समजत नाई काऊन.

दुसरी गोष्ट बरेच मिस्त्रीही ध्यानात घेत नाईत. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की त्याचीच दुसरी बाजू बायपासचं, म्हणजे पाणी इंजिनातच परत फिरवणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करते. तो काढला की बायपास कायमचा उघडा राह्यते, अन् बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच इंजिनात परत येते. म्हणजे भर उन्हात, भरल्या गाडीत, तुम्ही ज्याच्यासाठी काढला त्याच वक्ती ती जास्त गरम होते. अशा गाड्या माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात. मालक म्हणते, थर्मोस्टॅट तर काढला, तरी काऊन गरम होते?

अन् तुमच्या लक्षणांवरून तर थर्मोस्टॅटवर संशयच येत नाई. तो बंद अवस्थेत अडकला असता तर एकटे असतानाही, एसी नसतानाही काटा दहा-पंधरा मिनिटांत वर गेला असता. तुमचा काटा चढते कधी? एसी असताना, वजन असताना, गाडी हळू असताना. अन् एसी बंद केला की उतरते. म्हणजे उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी पडून राह्यली. ते चार ठिकाणी पाहा: जाळीत अडकलेला कचरा, पंखा, रेडिएटरचं झाकण, अन् रेडिएटरच्या आतला क्षार.

जाळीपासून सुरुवात करा, तिले पैसे लागत नाईत. तुम्ही कास्तकार, हंगामात थ्रेशरजवळून गाडी नेली असेलच. तूर निघते, हरभरा निघते, अन् कुटार, म्हणजे भुसा, हवेवर उडते. पुढून पाहिलं तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) स्वच्छ दिसते, पण त्याच्या अन् रेडिएटरच्या मधल्या फटीत कुटाराचा, मातीचा, कापसाच्या तंतूंचा थर बसलेला राह्यते. टॉर्च लावून वरून पाहा. धुताना पाणी इंजिनाकडून बाहेरच्या बाजूनं मारा, म्हणजे कचरा ज्या वाटेनं आला त्या वाटेनं निघते. साधा नळाचा पाइप घ्या, प्रेशरगन नाई. गननं त्या पातळ पत्र्या वाकतात अन् मग हवा कायमचीच अडते. थर जाड असेल तर कंडेन्सर थोडा सैल करून पुढं घ्यावा लागते, ते मिस्त्रीकडून करा.

पंख्याची परीक्षा सोपी हाये. गाडी सुरू करून एसी लावा, पंखा फिरायला पायजे. मग एसी बंद करून गाडी उभ्याउभ्या सुरू ठेवा अन् काट्याकडे पाहा. काटा मधल्या खुणेच्या थोडाच वर जाताच पंखा आपोआप लागला पायजे. काही गाड्यांत पंख्याले दोन वेग राह्यतात. हळू वेगाचा रेझिस्टर जळला की पंखा थेट जोरातच लागते, तोही उशिरा. लोक म्हणतात पंखा तर चालते. चालते, पण चालायच्या वक्ती चालत नाई.

झाकण लोक विसरतातच. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिटीसारखं काम करते, आत दाब धरून ठेवते. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा लिहिलेला राह्यते, तो बारमधला दाब. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांवर उकळते, एक बारच्या दाबाखाली तेच १२० च्या आसपास जाऊन उकळते. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा दाब गेला. पाणी लवकर उकळते, डब्यातून बाहेर पडते, अन् तुम्ही पुन्हा बोअरचं टाकता. झाकण स्वस्त वस्तू हाये, दहा वर्षांच्या गाडीत बिनविचारानं बदला.

आता पाणी. हे मले जरा खुलासेवार सांगायचं हाये, कारण आपल्या पट्ट्यात गाड्या पाण्यानं मरतात अन् लोक उन्हाळ्याले दोष देतात.

आपल्या खारपाणाच्या पाण्यात दोन जिनसा राह्यतात. एक कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पाणी तापलं की ते सुटून बसतात. चहाच्या भांड्यात, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसते, तोच रेडिएटरच्या बारक्या नळ्यांत अन् इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसते. थर पातळ असला तरी उष्णता अडवते. दुसरं, मीठ. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं हाये, हे तुम्हाले सांगायची गरज नाई. मिठातला क्लोराइड ॲल्युमिनियमले खाते. पूर्ण पत्रा एकसारखा झिजवत नाई, टोचल्यासारखी बारकी भोकं पाडते. अन् तुमच्या गाडीचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा. तांबूस रंग जो दिसून राह्यला तो लोखंडाच्या भागांचा गंज.

म्हणून कूलंट. आपल्याकडे बर्फ पडत नाई तर कूलंट कायले, असं लोक विचारतात. न गोठणं हे त्याचं एक काम. आपल्या कामाचं दुसरं हाये: त्यात गंज अन् झीज थांबवणारी द्रव्यं राह्यतात, अन् निम्मं कूलंट-निम्मं डिस्टिल्ड पाणी असलं की उकळायचा बिंदूही पाच-सात अंशांनी वर जाते. घट्ट कूलंट घेतलं तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी मिसळा. तयार मिश्रण घेतलं तर त्यात थेंबही पाणी घालू नका. हिरवं, लाल, निळं या रंगावर जाऊ नका, रंग कंपनी ठरवते. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिला तोच घ्या, अन् दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. काही वेळा त्याचा गाळ होते.

आरओच्या कॅनचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी बरं, पण त्यात क्षार शून्य नसतात. रस्त्यात अडले तर टाका, कायमचं नको. मात्र आत धुवायले ते वापरा, खर्च वाचते: इंजिन पूर्ण थंड असताना खालचा पाइप काढून सगळं पाणी सोडा, कॅनच्या पाण्यानं भरा, हीटर गरमवर ठेवून गाडी तापू द्या, थंड होऊ द्या, पुन्हा सोडा. स्वच्छ येईपर्यंत हेच. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यानं. हीटर यासाठी की त्याच्या छोट्या रेडिएटरातलंही घाण पाणी निघते. मग कूलंट भरून हवा काढा. हवेचा फुगा आत राह्यला तर काटा नाचते.

एक आधीच सांगून ठेवतो. क्षार निघाला की कधी कधी रेडिएटर गळायले लागते. लोक म्हणतात मिस्त्रीनं बिघडवला. भोक आधीचंच राह्यते, क्षारानं ते बुजवून धरलेलं राह्यते. जुने पितळी रेडिएटर उघडून सळईनं साफ करता येत होते, हे प्लास्टिक टाकीचे ॲल्युमिनियमवाले तसे होत नाईत. आतून फार भरला असेल तर नवीनच बसवा.

निंबाखाली गाडी लावली ते योग्य केलं. पुन्हा कधी काटा चढला तर आधी एसी बंद, मग हीटर पूर्ण गरमवर अन् ब्लोअर जोरात, काचा उघड्या. गाडीत घामाघूम व्हाल, पण इंजिनातली उष्णता तेवढी बाहेर निघते. तरी उतरला नाई तर थांबा, बंद करा. झाकणाले अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाई. आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर राह्यते, झाकण फिरवलं की ते वाफ होऊन तोंडावर येते. चेहरा भाजलेली माणसं मी पाहिली हायेत. अन् तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेड वाकते.

शेवटी हेड गॅस्केटची (हेडच्या खालच्या सीलची) खात्री करून घ्या, कारण गाडी लाल रेघेपर्यंत गेली हाये. तेल भरायच्या झाकणाखाली दुधाळ फेस हाये का, सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरात सतत बुडबुडे येतात का, गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर निघते का. यातलं काही असेल तर वाशीम राहू द्या, आधी मले किंवा कोणाले तरी दाखवा.

उपकेंद्र_फेरी

मिस्त्रीकाका, फार उपयोगाचं लिहिलंत. मी आरोग्यसेविका आहे, उपकेंद्रातून चार गावं फिरते. छोटी पेट्रोल गाडी, २०१८ ची. माझ्या गाडीला काटाच नाही, फक्त निळा दिवा सकाळी लागतो आणि थोड्या वेळानं जातो. ४-५ किलोमीटर गेलं की उतरायचं, तासाभरानं पुन्हा ४-५ किलोमीटर. रस्ते निम्मे पांदणीचे, मार्चनंतर नुसता फुफाटा. वर्षाला ६ हजारही होत नाहीत. शोरूममध्ये सांगितलंय सर्व्हिसिंग १० हजारांवर. मग मी दोन वर्षं थांबायचं का?

मिस्त्री_मुर्तिजापूररोड

ताई, थांबू नका. पुस्तकात नीट पाहा, १० हजार "किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं राह्यते. अन् त्याच पुस्तकात मागं एक वेगळा तक्ता राह्यते, कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांसाठी. धूळ, जवळच्या जवळच्या फेऱ्या, जास्त उष्णता. तो कोणी वाचत नाई. तुमची गाडी त्याच तक्त्यात बसते.

तुमचा किलोमीटर कमी होते, पण तेलाचं काम सोपं होत नाई. इंजिन सुरू होते तेव्हा जळणातून पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी खाली तेलात जाते, थोडं पेट्रोलही जाते. लांब चाललं की तेल तापून ते उडून जाते. तुमच्या ४-५ किलोमीटरमध्ये तेल पुरतं तापतच नाई, तर ते साचत राह्यते. तुमच्या गाडीचं तेल मी सहा महिन्यांनी बदललं असतं, किलोमीटर कितीही होवो. अन् आठवड्यातून एकदा अंजनगाव किंवा अकोटपर्यंत सलग अर्धा-पाऊण तास चालवत जा. बॅटरीलेही ते चांगलं.

निळा दिवा म्हणजे इंजिन थंड. सकाळी तो जायची वाट पाहत उभं राहू नका, निघा, पण तो असेपर्यंत ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका. लाल लागला तर मात्र लगेच बाजूले घ्या. काट्याच्या गाडीवाल्याले आधीपासून अंदाज येते, तुम्हाले दिवा शेवटीच सांगते, म्हणून तुम्ही कूलंटचा डबा दर सोमवारी पाहात जा. दोन रेघांच्या मध्ये असलं पायजे.

पांदणीसाठी एअर फिल्टर. दर महिन्याले खोका उघडून पाहा, क्लिपा राह्यतात, तुमच्यानंच होईल. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नाई. पंक्चरवाल्याकडे हवा मारायची तर आतून बाहेर, अन् दुरून. काळपट, तेलकट झाला की बदलायचाच. खोका उघडाल तेव्हा उंदरानं घर केलं काय तेही दिसते. कापसाच्या दिवसांत मी त्यात सरकीचे ढीग पाहिले हायेत.

अन् पावसाळ्यात नाल्याले पाणी असलं अन् गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा चावी मारू नका. फिल्टरच्या वाटेनं पाणी सिलिंडरात गेलं असेल तर पिस्टन पाणी दाबू शकत नाई, कनेक्टिंग रॉड वाकते. लोटून बाहेर काढा अन् मिस्त्री येऊ द्या. तुमचं काम अडते, मले समजते, पण त्या एका चावीत पुरं इंजिन जाते.

चारचाकी_वऱ्हाड

मिस्त्री, बायपासचं मला ठाऊक नव्हतं. जीपचं इंजिन जुनं होतं हे खरं. माझ्या आताच्या गाडीचा थर्मोस्टॅट मूर्तिजापूरच्याच एकानं काढलाय, परत बसवून घेतो. एक विचारतो, नवीन घेताना तो बरोबर आहे हे कसं तपासायचं?

मिस्त्री_मुर्तिजापूररोड

बसवायच्या आधी दोऱ्यानं बांधून पाण्याच्या भांड्यात लटकवा अन् भांडं गॅसवर ठेवा. तळाले टेकू देऊ नका. जवळ थर्मामीटर असेल तर उत्तम. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायले लागला पायजे अन् उकळी येईपर्यंत पूर्ण उघडला पायजे. थंड पाण्यात टाकला की परत मिटला पायजे. बसवताना त्याचं रबर नवीन घ्या, अन् बारकं हवा जायचं भोक असेल तर ते वरच्या बाजूले ठेवा.

पूर्णाकाठचा_कास्तकार

मिस्त्रीभाऊ, सांगितलं तसं केलं. कंडेन्सर पुढे घेतला तर मधून घमेलंभर कुटार आणि माती निघाली. एवढा थर असेल असं वाटलंच नव्हतं. झाकणाचं रबर हातात तुकडे होऊन आलं. रेडिएटर कॅनच्या पाण्यानं धुतला, आधी चहासारखं, मग पिवळं, मग स्वच्छ. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळालं. थर्मोस्टॅट जागेवरच ठेवला. रेडिएटर अजून तरी गळत नाही. फेस, बुडबुडे, धूर काहीच नाही. काल भर दुपारी पाच जणांना घेऊन, एसी लावून अकोल्याला गेलो, काटा मधून हलला नाही. आई म्हणाली, आता वाशीमला चला.

अजून एक. तेल काळंकुट्ट दिसतं. मागच्या मालकानं कधी बदललं माहीत नाही. जाण्याआधी बदलू का?

मिस्त्री_मुर्तिजापूररोड

लय बरं वाटलं वाचून.

डिझेल गाडीचं तेल बदलल्यावर दोन-चार दिवसांतच काळं होते, काजळीनं. काळं झालं म्हणून खराब, असं नाई. पण कधी बदललं हेच माहीत नसेल तर बदला, सोबत तेल फिल्टर अन् डिझेल फिल्टरही. डिझेल फिल्टरच्या खाली पाणी सोडायचा स्क्रू असेल तर आधी तो उघडून पाहा, पाणी निघालं तर डिझेल दुसऱ्या पंपावर भरत जा.

तेलाचा ग्रेड पुस्तकात पाहून घ्या. 'उन्हाळा हाये, जाड टाका' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. टर्बोची (इंजिनात जोरानं हवा भरणाऱ्या पंख्याची) बेअरिंग तेलावर तरंगते, अन् सकाळी सुरू करताना जाड तेल तिथपर्यंत उशिरा पोचते. तुमच्या इंजिनाले टायमिंगची (पिस्टन अन् व्हॉल्व्हचा मेळ राखणारी) साखळी असेल तर तिले ताणून धरणारा टेन्शनरही तेलाच्या दाबावर चालते. साखळीऐवजी पट्टा असेल तर तो कधी बदलला ते मात्र विचारून घ्या, कागद नसेल तर बदललाच नाई असं समजा. पट्टा तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हले आदळते.

डब्याचं सील तुमच्यासमोर फोडायले सांगा. सुट्या ड्रममधलं स्वस्त तेल घेऊ नका. तेल मोजायच्या पट्टीवर दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ ठेवा, वर नाई. जास्त झालं तर क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) ते घुसळून फेस करते अन् फेसात वंगण राह्यत नाई. पट्टी सकाळी, सपाट जागेवर, गाडी सुरू करायच्या आधी पाहावी.

कूलंट नवीन भरलं हाये, तर दोन-तीन दिवस सकाळी थंड असताना डबा पाहा. आतली हवा निघते तशी पातळी थोडी उतरते, ते चालते. तयार मिश्रणाची एक बाटली डिक्कीत ठेवा, पण प्रकार तोच. वाशीमच्या वाटेवर गाडी जोरात पळवून थांबवाल तेव्हा लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर सुरू राहू द्या, टर्बो तापलेला राह्यते. अन् जुनं झाकण फेकलं नसेल तर त्यावरचा आकडा नव्या झाकणाशी जुळवून पाहा. दुकानदार कधी कधी बसते म्हणून कोणतंही देते. १.१ च्या जागी ०.९ आलं असेल तर बदलून आणा.